ओळखीच्या बाईचं ओळखपत्र

नॉटिंगहॅमला आमच्या शेजारी राहणाऱ्या बाईंना मी मतदान केंद्रावरून परत पाठवलं, त्याला आता काही वर्षं झाली. खरं तर मतपत्रिका नाकारण्याचा अधिकार माझा नव्हता, माझ्या शेजारच्या खुर्चीवर बसलेल्या प्रिसायडिंग ऑफिसरचा होता. पण पहिला नकार माझ्या तोंडून गेला, म्हणून तो मी माझाच धरते.

बाई तेव्हा एक्याऐंशीच्या होत्या. तरुणपणी त्यांनी लेसच्या कारखान्यात काम केलं होतं. यंत्रावर विणताना सुटलेले टाके हाताने भरून काढायचे, आणि ते असे की भरलेली जागा कुणाला सापडू नये. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मूलबाळ नाही. आम्ही त्या रस्त्यावर राहायला आलो तेव्हा आमची मुलगी सहा वर्षांची होती. नवरा एका हॉस्पिटलमध्ये भूल देणारा डॉक्टर आणि मी दुसऱ्या हॉस्पिटलच्या रक्तपेढीच्या लॅबमध्ये. दोघांच्या शिफ्ट एकमेकींवर आदळायच्या, आणि शाळा सुटायची सव्वातीनला.

तिसऱ्याच आठवड्यात बाई कुंपणापलीकडून म्हणाल्या, "मुलीला आणायला कुणी नसेल त्या दिवशी मला सांग, डक. मी रिकामीच असते."

आमच्या भागात जुनी माणसं सगळ्यांनाच डक म्हणतात. मला ते कळायला एक वर्ष लागलं. तोवर मला वाटायचं, मी चालतेच तशी.

पुढे दोन वर्षं त्यांनी मुलीला शाळेतून आणलं, चीज-टोस्ट खाऊ घातलं, पाढे म्हणवून घेतले. मुलगी त्यांना नॅन, म्हणजे आजी, म्हणायला लागली, मग आम्हीही. नागपूरहून माझी आई आली तेव्हा दोघी एका सोफ्यावर बसून, एकमेकींची भाषा येत नसताना, एक आख्खा स्वेटर उसवून पुन्हा विणत बसल्या होत्या. इतकी ती ओळख.

मतदान केंद्रावर काम करायची हौस मला वडिलांमुळे लागली. ते नागपूरला महापालिकेच्या शाळेत शिक्षक होते आणि दर निवडणुकीत त्यांना इलेक्शन ड्यूटी लागायची. बाकीचे शिक्षक ती चुकवायला डॉक्टरचं सर्टिफिकेट शोधायचे. आमचे बाबा आदल्या दिवशी शर्टाला इस्त्री करून ठेवायचे. म्हणायचे, "त्या दिवशी मालक मतदार असतो. आपण त्याच्या दुकानात बसलेले नोकर." इथल्या कौन्सिलने, म्हणजे महापालिकेने, केंद्रावर काम करायला माणसं हवीत असं कळवलं तेव्हा मी लगेच अर्ज केला. इथे मतदान नेहमी गुरुवारी असतं, आणि गुरुवारी माझा दत्ताचा उपवास. पहिल्याच वर्षी मी डब्यात साबुदाण्याची खिचडी आणि दाण्याचे लाडू घेऊन चॅपेलच्या, म्हणजे छोट्या चर्चच्या, हॉलमध्ये जाऊन बसले. नवरा म्हणाला होता, पंधरा तास, तेही उपाशी. मी म्हटलं, उपवासाला याहून चांगली जागा कोणती?

मग तो नवा नियम आला. फोटो असलेलं ओळखपत्र दाखवल्याशिवाय मतपत्रिका द्यायची नाही. त्याआधी नाव आणि पत्ता सांगितला की पुरायचं. ट्रेनिंगला आम्हाला यादी दिली: पासपोर्ट चालेल, लायसन्स चालेल, ज्येष्ठांचा बसपास चालेल. मुदत संपलेली असली तरी चालेल, फक्त चेहरा जुळला पाहिजे. यातलं काहीच नसेल तर कौन्सिल फोटोचं एक प्रमाणपत्र फुकट देतं, पण त्याचा अर्ज मतदानाच्या आठवडाभर आधी करायला हवा. खोलीतल्या काही जणांनी नाकं मुरडली. मी मुरडलं नाही.

माझं कामच तसं. रक्ताच्या नळीवर नाव, जन्मतारीख आणि हॉस्पिटल नंबर अचूक हवा. एक अक्षर चुकलं तरी आम्ही नमुना फेकतो. वॉर्डमधून नर्स फोनवर काकुळतीला येते, "अगं, मीच काढलंय रक्त, तो माझ्यासमोर झोपलाय." तरी नाही. पुन्हा काढ म्हणायचं. कारण ज्या दिवशी आपण "ओळखीचा आहे" म्हणून सोडू, त्या दिवशी चुकीचं रक्त चुकीच्या माणसात जाईल. हे मी कित्येक नव्या मुलींना शिकवलंय. तेव्हा नियमाची मला भीती नव्हती, उलट भरवसा होता.

त्या गुरुवारी साडेदहाच्या सुमारास नॅन आल्या. चांगला निळा कोट, रविवारचे बूट, हातात पोस्टाने घरी आलेलं पोल कार्ड. माझ्या टेबलासमोर येऊन त्यांनी कार्ड ठेवलं आणि हसल्या.

मी रजिस्टर उघडलं. आमचा रस्ता, त्यांचं घर, त्यांचं नाव. पट्टी त्या ओळीवर धरली आणि विचारलं, "फोटोचं ओळखपत्र आणलंय का?"

"हे आहे ना." त्यांनी कार्डावर बोट ठेवलं.

"हे चालत नाही. पासपोर्ट?"

"पासपोर्ट मी कधी काढलाच नाही. समुद्र बघायला मला स्केगनेस पुरतं, तुला माहितीये."

"बसपास?"

"तो संपला मागच्या वर्षी, नवा मागवलाच नाही. मी कात्रीने कापून टाकला. पत्रात लिहिलं होतं ना, कापून टाका म्हणून."

तो जुना पास चालला असता. फोटो त्यांचाच होता.

"मग आज मतपत्रिका देता येणार नाही," मी म्हणाले.

त्यांनी पोल कार्ड उचललं. मग अगदी हळू आवाजात विचारलं, "तू मला ओळखतेस ना, डक?"

रांगेत मागे चार माणसं होती. मी म्हणाले, "प्रश्न त्याचा नाहीये." आणि प्रिसायडिंग ऑफिसरकडे वळले. ते भूगोलाचे निवृत्त शिक्षक, फार सभ्य माणूस. ते उठून टेबलाच्या पलीकडे गेले, बाईंना बाजूच्या खुर्चीवर बसवलं, सगळी यादी पुन्हा विचारली. काहीच नव्हतं. त्यांनी ठरलेला फॉर्म भरला, माफी मागितली. नॅननी त्यांचे आभार मानले आणि कोटाची बटणं लावत, माझ्याकडे न बघता निघून गेल्या.

मी पुढच्या माणसाचं लायसन्स हातात घेतलं. कोण मत द्यायला आलं, कोण नाही, हे मतदान संपेपर्यंत केंद्रावरच्या माणसाने बाहेर कुणाला सांगायचं नसतं. तेव्हा घरी फोन करून नवऱ्याला "जरा नॅनकडे बघून ये" असंही म्हणता येईना. दुपारी खिचडी उघडली, दोन घास खाल्ले आणि झाकण लावलं.

तीनच्या आसपास एक बाई आली. चेहऱ्यावर नकाब, हातात पासपोर्ट. अशा वेळी काय करायचं ते ठरलेलं होतं. हॉलच्या कोपऱ्यात एक पडदा उभा केला होता, त्यामागे भिंतीला आरसा. बाईने तिथे जाऊन फक्त बाईसमोर नकाब काढायचा, फोटो जुळवून घ्यायचा आणि मग आरशात बघून नीट परत बांधायचा. केंद्रावर बाई मीच होते, म्हणून मी गेले.

तिने नकाब सोडला. माझ्याहून वयाने लहान, थकलेला चेहरा, गालावर खळी. मी पासपोर्ट बघितला, तिच्याकडे बघितलं.

"झालं?" तिने विचारलं.

"झालं. सावकाश बांधा, घाई नाही."

ती आरशासमोर उभी राहून टाचणी लावत होती. म्हणाली, "मी फार घाबरून आले होते. वाटलं होतं सगळ्यांसमोर सांगतील काढायला. आरसा ठेवाल असं वाटलं नव्हतं."

ती मत देऊन गेली. मी रजिस्टरवर पट्टी धरून बसले, पण तिचं वाक्य डोक्यातून जाईना. नियम तोच. पण तिच्यासाठी कुणीतरी आधी बसून विचार केला होता की ही बाई दारात येईल तेव्हा तिला काय वाटेल, आणि तो विचार करून एक आरसा विकत आणला होता. नॅनसाठी कुणी विचार केला होता? पत्रं गेली असतील. पण नियम मला तीन महिने आधीपासून माहीत होता. त्या पत्रं कशी वाचतात, अर्धी वाचून चहाच्या डब्यामागे कशी खोचतात, हेही माहीत होतं. त्यांच्याकडे पासपोर्ट नाही, त्या गाडी चालवत नाहीत, हे माझ्याइतकं त्या अख्ख्या शहरात कुणाला माहीत नव्हतं. आमच्या दोन दारांमध्ये सात पावलांचं अंतर. मी एकदाही दार वाजवलं नव्हतं.

लॅबमध्ये मी नमुना फेकते तेव्हा लगेच वॉर्डला फोन करून सांगते, पुन्हा काढा, मी थांबते. तो फोन माझ्या कामाचाच भाग आहे. इथे मी नुसताच नमुना फेकला होता.

त्या दिवशी मी नियम मोडायला हवा होता असं मला तेव्हाही वाटलं नाही, आजही वाटत नाही. माझं कर्तव्य त्या टेबलावर चुकलं नव्हतं. ते आधीच्या तीन महिन्यांत चुकलं होतं.

शुक्रवारी कामावरून आले आणि कपडेही न बदलता त्यांचं दार वाजवलं. बऱ्याच वेळाने दार साखळीपुरतं उघडलं.

"कोण?"

"मीच आहे."

"ओळखपत्र आणलंय का?"

मला वाटलं चेष्टा आहे. पण त्या हसत नव्हत्या. मी परत घरी गेले, कपाटातून पासपोर्ट काढला आणि पुन्हा त्यांच्या पायरीवर जाऊन उभी राहिले. साखळीच्या फटीतून पासपोर्ट आत घेतला गेला. त्यांनी चष्मा लावला, पानं उलटली, फोटो बघितला, मला बघितलं, पुन्हा फोटो.

"फोटो काही खास नाही," त्या म्हणाल्या आणि साखळी काढली.

स्वयंपाकघरात चहा झाला. मी म्हणाले, "नॅन, नियम मी केलेला नाही. पण मी तुम्हाला आधी सांगायला हवं होतं. मला माहीत होतं आणि मी आले नाही. हे माझं चुकलं."

त्या कपात चमचा फिरवत राहिल्या. मग म्हणाल्या, "नियमाचं मला इतकं नाही वाटलं. त्या मास्तरांनीही नाहीच म्हटलं की. पण ते खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसले. तू त्या वहीकडे बघून बोलत होतीस. मी तुझ्या मुलीचे केस विंचरलेत, आणि तू माझ्याशी वहीकडे बघून बोललीस."

ते खरं होतं. मी मान वर केली असती तर मला नाही म्हणता आलं नसतं, असं मला तेव्हा वाटलं होतं. म्हणजे नियमावरचा माझा भरवसा तेवढाच होता. पक्की असते तर मी त्यांच्या डोळ्यांत बघून, हात धरून नाही म्हटलं असतं.

"आता काय करायचं?" त्यांनीच विचारलं.

"अर्ज करायचा. आत्ता."

मी लॅपटॉप आणला. फॉर्मला नॅशनल इन्शुरन्स नंबर, म्हणजे नोकरीला लागताना मिळणारा सरकारी क्रमांक, लागतो. मला वाटलं आता सगळे खण उपसावे लागणार. त्यांनी तो घडाघडा म्हणून दाखवला, पंधराव्या वर्षी कारखान्यात पहिल्या दिवशी पाठ केला होता म्हणे. फोटोसाठी त्यांना फ्रीजशेजारच्या पांढऱ्या भिंतीसमोर उभं केलं. हसायचं नाही म्हटल्यावर त्यांना हसू यायला लागलं. पहिला फोटो कानाजवळ सावली पडली म्हणून परत आला. दुसरा चालला. दोनेक आठवड्यांनी प्रमाणपत्र आलं, तेव्हा त्या मला दारातच दाखवायला उभ्या होत्या. "शाळेत असताना मला एकही मिळालं नाही," त्या म्हणाल्या.

नवऱ्याला मी हे सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "तुला कळतंय का, त्या कुणाला मत देतात?"

मला नक्की माहीत नव्हतं, पण अंदाज होता. बाहेरून किती माणसं येतात यावर कुंपणापलीकडून त्यांची मतं मी ऐकली होती. "तुमच्याबद्दल नाही गं बोलत," असं म्हणून त्या पुढचं वाक्य बोलायच्या, आणि मला त्या पुढच्या वाक्याचा राग यायचा. एकदोनदा आमची चांगली जुंपलीही होती.

"तुझं मत खोडायला तूच मदत करतेयस," नवरा म्हणाला.

"मग करते," मी म्हणाले. "त्यांनी आपल्या मुलीला शाळेतून आणलं तेव्हा आपण कुणाला मत देतो ते विचारलं होतं का?"

पुढचं सगळं नॅननी घडवून आणलं. त्यांच्या चॅपेलमध्ये शनिवारी सकाळी चहा असतो. तिथे त्यांनी विचारपूस केली, तर आणखी पाच जणींकडे काहीच ओळखपत्र नव्हतं. त्यातल्या दोघी त्या गुरुवारी घरातून निघाल्याच नव्हत्या; दारातून परत पाठवतील या लाजेने. नॅननी मला विचारलं नाही, कळवलं. "शनिवारी साडेदहाला. लॅपटॉप आण. आणि तुझे ते शेंगदाण्याचे लाडू."

मी गेले. चॅपेलमधून परवानगी घेतली होती, आणि एक गोष्ट मी सुरुवातीलाच पक्की केली होती: टेबलावर कुठल्याही पक्षाचं नाव निघणार नाही. निघालं की नॅन चमचा कपावर वाजवायच्या. फोटो मी काढायचे, आणि मागे पांढरी चादर धरून त्या उभ्या राहायच्या. एका बाईंचा हात थरथरायचा, सही दर वेळी वेगळी यायची, त्या ओशाळल्या. नॅन म्हणाल्या, "सही नाही मागत गं, तोंड मागताहेत. ते तुझं एकच आहे."

दोन महिन्यांनी मी म्हटलं, आता आमच्या देवळात बसू. रविवारी आरतीनंतर हॉलमध्ये टेबल लावलं. तिथे गरज वेगळीच निघाली. पासपोर्ट सगळ्यांकडे होते, पण यादीत नाव नव्हतं. चार वर्षांपूर्वी पुण्याहून आलेला एक सॉफ्टवेअरवाला बायकोबरोबर उभा होता. म्हणाला, "ताई, आम्ही व्हिसावर आहोत. आम्हाला कुठलं मत?"

"आहे. भारत कॉमनवेल्थमध्ये आहे. तुम्ही इथे राहता, नाव नोंदवा, मत द्या."

"म्हणजे चार वर्षं होतं?"

"चार वर्षं होतं."

तो बायकोकडे बघून म्हणाला, "बघ, आणि आपण कचऱ्याच्या बिनची तक्रार करायला घाबरत होतो." दोघांनी तिथेच उभ्या उभ्या फोनवर नावं नोंदवली.

नॅन देवळात पहिल्यांदाच आल्या होत्या. बूट काढायला खाली वाकता येईना, तर त्या सॉफ्टवेअरवाल्याच्या बायकोने खाली बसून लेस सोडल्या. काम संपल्यावर त्या मूर्तीसमोर जाऊन उभ्या राहिल्या आणि माझ्या कानात म्हणाल्या, "इथे काय म्हणायचं असतं?"

"तिकडे जे म्हणता तेच."

त्या बराच वेळ डोळे मिटून उभ्या होत्या. मी शेजारी हात जोडून उभी राहिले. त्यांनी काय मागितलं मला माहीत नाही. मी मागितलं काहीच नाही. आजवर देवासमोर मी फार मागणं मागितलं: परीक्षा, व्हिसा, आईचं ऑपरेशन. त्या दिवशी मला पहिल्यांदाच वाटलं की मी हात हलवत आलेले नाही, काहीतरी काम करून आले आहे आणि त्याचा हिशोब द्यायचीही गरज नाही. उपवास मी अजून करते. पण एखाद्या गुरुवारी चुकून तोंडात काही गेलं तर आता पूर्वीसारखी हळहळत बसत नाही.

पुढच्या मे महिन्यात मला कौन्सिलने शहराच्या दुसऱ्या टोकाच्या शाळेत बसवलं. तेव्हा नॅननी मत दिलं ते मी पाहिलं नाही. शुक्रवारी सकाळी त्या कचऱ्याचा डबा बाहेर ठेवत होत्या, मी गाडीत बसत होते. त्यांनी फक्त अंगठा वर केला आणि आत गेल्या.

त्या शाळेत आदल्या दिवशी दुपारी एक माणूस आला होता, पन्नाशीचा, कपड्यांवर रंगाचे शिंतोडे. ओळखपत्र नव्हतं. मी पेन खाली ठेवलं आणि त्याच्याकडे बघून सांगितलं की आत्ता देता येणार नाही, पण घरी जुना पासपोर्ट, लायसन्स काही असेल तर घेऊन या, मुदत संपलेलं असलं तरी आणा, आम्ही रात्री दहापर्यंत आहोत. तो वैतागला. म्हणाला, "हा सगळा मूर्खपणा आहे." मी म्हणाले, "तुम्ही कामावरून इतक्या लांब आलात, वैताग येणारच. तरी या परत." त्याने भुवया उडवल्या आणि गेला.

सहाच्या सुमाराला तो परत आला. हातात जुनं लायसन्स, सोबत बायको आणि म्हातारे वडील. तिघांनी आपापली कार्डं ओळीने माझ्यासमोर ठेवली. मी पट्टी घेऊन रजिस्टरमध्ये त्यांचा रस्ता शोधायला लागले.